खदान बंद झाली तरी खदानवाले आहेत अजून

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मागे ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांना चंद्रपुरात अजून काय दाखवता येईल यावर लिहून आलं होतं, तेव्हापासून हे पत्र डोक्यात होतं, आज लिहायला बसलो. मी चंद्रपूरचाच, बाबा कोळसा खदानीत टिंबरमन होते, म्हणजे अंडरग्राउंडमध्ये छताला लाकडी टेकू लावायचं काम. सगळी नोकरी त्यांची खाली गेली आणि मी एकदाही खाली उतरलो नाही. उतरलो ते थेट वेल्समध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हसण्यासारखीच गोष्ट आहे.

मुलगी-जावई इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असतात. जावयाने दोन दिवसांची रोड ट्रिप ठरवली, डोंगर बघायला. सेव्हर्न नदीचा पूल ओलांडला की वेल्स लागतं (या पुलाचा टोल २०१८ मध्ये बंदच करून टाकला म्हणे, आपल्याकडे असं ऐकलंय का कधी?), पुढे न्यूपोर्टवरून वर चढत ब्लेनाव्हन नावाचं छोटं गाव. तिथे बिग पिट म्हणून कोळशाची जुनी खदान आहे, १९८० ला बंद पडली आणि १९८३ ला लोकांसाठी उघडली सुद्धा. २००० पासून तो सगळा परिसर जागतिक वारसा आहे. म्युझियम बघायला तिकीट नाही. मला वाटलं काचेच्या कपाटात दोन-चार दगड ठेवले असतील, बघू आणि चहा पिऊन निघू.

पण नाही. आधी डोक्याला हेल्मेट, कॅप लॅम्प, कमरेला पट्टा, त्यावर बॅटरी आणि विषारी वायू झाला तर तोंडाला लावायचा डबा, सगळं मिळून पाचेक किलो. मग मोबाईल, घड्याळ, लायटर, बॅटरीवाली गाडीची चावी, सगळं वरच काढून ठेवायचं. जावई वैतागला, फोटो कसे काढायचे म्हणून. मला मात्र एकदम बाबा आठवले. कोळशात मिथेन असतो, एक ठिणगी पुरते, आणि ती खदान कायद्याने अजून खदानच आहे म्हणून नियम तेच. आमच्याकडेही खाली जाताना बिडी-काडीपेटीसाठी झडती व्हायची, म्हणून तर अर्ध्या कॉलनीला खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून चघळायची सवय लागली. हे मी जावयाला सांगितलं, त्याला खर्रा काय ते समजावण्यात मात्र पाच मिनिटं गेली.

पिंजऱ्यातून ९० मीटर खाली गेलो. आणि खरी गोष्ट ही की सोबत जो गाईड होता तो स्वतः जुना खाणकामगार. पाठांतर नाही, माणूस आपलं घर दाखवतो तसं दाखवत होता. इथे वाक, इथे हात लावून बघ. एका जागी सगळ्यांना लॅम्प बंद करायला लावले. काळोख म्हणजे काय ते तेव्हा कळलं, स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. आणि अशा अंधारात हवा खेळती ठेवायचे दरवाजे उघडायला-लावायला लहान लहान पोरं बसवायचे, दिवसभर. तिकडच्या १८४२ च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालची पोरं खाली पाठवणं बंद झालं. पुढे कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेले आहेत, प्रत्येक घोड्याच्या जागेवर त्याच्या नावाची पाटी. घोड्यांनाही वर्षातून एकदा सुट्टीत वर आणायचे.

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझे बाबा लाकडी टेकू लावायचे. गाईड थांबला. म्हणाला लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, पळायला वेळ मिळतो, लोखंड तसं सांगत नाही. संपादक साहेब, हेच वाक्य मी लहानपणी आमच्या ओसरीत ऐकलेलं आहे. मला पुढचं काही दिसेना, लॅम्प चालू असून.

वर आल्यावर कामगारांची आंघोळीची इमारत आहे, १९३९ ची. त्याआधी माणसं काळीच्या काळी घरी जायची आणि बायका पाणी तापवून ठेवायच्या. आमची आई सिगडीवर ठेवायची, त्याच कोळशावर.

आता मुद्दा. आपल्याकडे सावनेरला २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू झालं, चांगली गोष्ट. पण चंद्रपूर-बल्लारपूर-घुग्गुस पट्ट्यात काय? वरोऱ्याचा कोळसा नेण्यासाठी तर इंग्रजांनी वर्ध्याहून रेल्वे लाइन टाकली होती, इतकं जुनं आहे हे. आता बहुतेक कोळसा ओपनकास्टमधून, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खदानीतून निघतो, अंडरग्राउंड एकेक करून बंद होतंय. ताडोब्याला आलेला माणूस सकाळची सफारी करून आला की संध्याकाळपर्यंत हॉटेलात लोळतो. त्याला दोन तास खदान दाखवा ना. खरी खदान उघडायला डीजीएमएसची (खाणींची सुरक्षा बघणारं सरकारी खातं) परवानगी, पाणी उपसणं, हवा खेळती ठेवणं, खर्च मोठा आहे, मला कळतं. मग जमिनीवरच एक गॅलरी बांधा, टब म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्या ठेवा, त्या ओढायचा हॉलेजचा दोर ठेवा. पण दाखवायला माणूस खदानीतलाच पाहिजे, कॉलेजातून आलेला युनिफॉर्मवाला नको. कोळसा भरणारा लोडर, टब ढकलणारा ट्रामर, सुरुंग उडवणारा शॉटफायरर, कामावर देखरेख करणारा सरदार, कोणी छत्तीसगडचा, कोणी तेलंगणाचा, कोणी यूपीचा, सगळे आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि खोकतायत. इमारत दहा वर्षांनी बांधली तरी चालेल हो, ही माणसं दहा वर्षं थांबणार नाहीत.

दोष आमचाही आहे. बाबा गेल्यावर त्यांचं हेल्मेट आणि जेवणाचा डबा मीच भंगारवाल्याला दिला, किलोवर. तिकडे तसलाच डबा काचेत ठेवलेला बघितला.

सध्या आमच्या कॉलनीतले बाबांच्या वेळचे तिघं जण आहेत, रविवारी त्यांच्याकडे जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड करतोय, एकाला कमी ऐकू येतं म्हणून प्रश्न ओरडून विचारावे लागतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी हजेरीचे पितळी बिल्ले, जुने लॅम्प, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर विकू नका, तुमच्या पेपरमार्फत कळवा, मी येऊन फोटो काढून नेईन.

आपला,
एका टिंबरमनचा मुलगा, चंद्रपूर