फौजीच्या घटस्फोटाची तारीख त्याची सुट्टी बघून द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात जवानांबद्दल बरंच छापून येतं, कोणी शहीद झालं की पानभर येतं आणि यायलाच पाहिजे, पण फौजीचं घर मोडतं तेव्हा मागे काय काय होतं यावर कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसले. माझे मिस्टर मिलिट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, मुलगीही फौजीलाच दिलेली, आणि तिचा घटस्फोट आता झालाय, दोघांच्या संमतीने. जावयाला मी वाईट म्हणणार नाही. दोघांचं नाही जमलं, एकत्र राहायलाच मिळालं नाही नीट, क्वार्टर मिळेपर्यंत ह्याची पोस्टिंग बदलायची. ते जाऊ द्या, तो त्यांचा प्रश्न. पण दोघंही सोडायला तयार असताना निकाल लागायला जो वेळ गेला तो कशापायी गेला हे लोकांना कळायला पाहिजे.

जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल आणि 30 दिवस कॅज्युअल लीव्ह असते, कागदावर. ती कधी मिळणार ते युनिट ठरवतं, तारीख कोर्ट ठरवतं, आणि ह्या दोघांची गाठ कुठेच पडत नाही. तो सुट्टीवर येऊन परत गेला की मागोमाग आमची तारीख. मग त्याचे वकील उभे राहणार, 'पक्षकार फील्डला आहेत, पुढची तारीख मिळावी' म्हणणार, क्लार्क पुढची तारीख लिहिणार, झालं. एवढं एक वाक्य ऐकायला मुलगी सकाळपासून व्हरांड्यात बसलेली असायची, मांडीवर पोरगं, पिशवीत त्याची दुधाची बाटली आणि लग्नाच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स, कधी कोण मागेल सांगता येत नाही म्हणून. आणि वर बाजूला बसलेली माणसं विचारणार की बॉर्डरवरच्या माणसाला घटस्फोट देतेस होय गं.

आता जवान हजर राहू शकत नाही म्हणून केस थांबवायची सोय कायद्यातच आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट म्हणून 1925 सालचा कायदा आहे, युद्धात किंवा तशा खास परिस्थितीत ड्युटीवर असलेल्या सैनिकासाठी. अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट आलं की कोर्ट केस पुढे ढकलतं. हा कायदा मला मान्य आहे, माझा नवराही अशाच जागी राहून आलाय, त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल लागलेला मला चालला नसता. पण मुख्य केस थांबली की बायकोचा अंतरिम (केस चालू असेपर्यंतच्या) पोटगीचा अर्जसुद्धा त्याच फायलीत अडकून पडतो हे कुठलं बरोबर? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत ह्या अर्जाचा निकाल द्यायचा. पगार किती ते पे स्लिपवर असतं आणि 2020 पासून तर सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, मग जवान समोर उभाच पाहिजे असं काय आहे त्यात.

संमतीच्या घटस्फोटात तर हे सगळं टाळता येतं, आणि हे मला फार उशिरा एका वकील ताईंकडून कळलं म्हणून सविस्तर लिहिते. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 13 ब प्रमाणे आधी वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे (नुसतं पोस्टिंगमुळे लांब राहणं ह्यात धरत नाहीत, नवराबायको म्हणून नांदणं थांबलेलं पाहिजे), मग दोघांचा अर्ज, मग सहा महिने थांबायचं आणि मग परत दोघांनी यायचं. सिव्हिलियन माणूस येतो एक रजा टाकून, फौजीची ती दुसरी वेळ कधी येईल देव जाणे. आमच्यात तेच झालं, दुसऱ्या वेळेच्या आधी त्याचं युनिट मूव्ह झालं आणि सुट्टी बंद. पण सुप्रीम कोर्टाने 2017 साली सांगून ठेवलंय की अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पोटगी आणि मुलांचं ठरलेलं असेल आणि आणखी थांबवून नुसता त्रासच वाढणार असेल, तर कोर्टाला ते सहा महिने माफ करता येतात, आणि त्यासाठीचा अर्ज पहिल्या वेळेनंतर आठवड्याने देता येतो. म्हणजे कोर्टाने मनावर घेतलं तर एकाच सुट्टीत दोन्ही वेळा उरकतील! त्याच निकालात असंही आहे की पक्षकार येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्स चालेल, आईवडील किंवा भाऊबहिणीला त्याच्या वतीने उभं राहू देता येईल. हे सगळं आहे, पण अर्ज कोणी करत नाही, विचारत पण नाही.

केस कुठे टाकायची यावरही बायकांना घाबरवतात, नवरा जम्मूला तर जम्मूला जावं लागेल म्हणून. तसं काही नाही. लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे किंवा समोरचा राहतो तिथे टाकता येते, आणि 2003 च्या दुरुस्तीपासून बायको स्वतः राहते तिथेही, म्हणजे माहेरीसुद्धा.

पैशाचं थोडं समजावून सांगायला पाहिजे कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 28 मुळे फौजीच्या पगारावर कोर्टाची जप्ती येत नाही, त्यामुळे पोटगीचा हुकूम हातात असून बाई रिकामीच. पण त्याच कायद्यात ऑफिसरसाठी कलम 90 आणि जवानासाठी 91 आहे, त्यात बायकामुलांच्या पोटगीसाठी पगारातून परस्पर कापून द्यायची सोय आहे. अर्ज युनिटच्या सीओ साहेबांकडे (कमांडिंग ऑफिसरकडे) द्यायचा, नवऱ्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं घेतात आणि वरून मंजुरी आली की कपात सुरू. बायकोला पगाराच्या 22 टक्क्यांपर्यंत आणि मुलं धरून सगळं मिळून 33 टक्क्यांपर्यंत देतात. ह्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

मात्र अर्ज म्हणजे अर्जच असावा. 2021 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने एका आर्मी ऑफिसरला घटस्फोट दिला, बायकोने त्याच्याविरुद्ध थेट आर्मी चीफपर्यंत बदनामीच्या तक्रारी केल्या, चौकशी लागली, त्याचं करिअर गेलं, आणि कोर्टाने त्याला मानसिक छळ धरलं. खरोखर मारहाण असेल तर तक्रार केलीच पाहिजे, गप्प बसू नका. पण पोटगीचा सरळ रस्ता माहीत नसतो म्हणून बायका रागाच्या भरात वरच्या साहेबांना पत्रं लिहीत सुटतात आणि शेवटी त्यांच्याच अंगाशी येतं, हे मी आसपास बघितलंय.

मुलांच्या भेटीचं तर मला राहून राहून वाईट वाटतं. भेटीचा हुकूम निघतो तो दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारचा. अहो, तो माणूस सिक्कीममध्ये, शनिवारी कुठून येणार? मग चार-सहा शनिवार तो आला नाही की 'बापाला ओढच नाही' म्हणायला सगळे मोकळे. आमच्या कागदात आम्ही भांडून लिहून घेतलं की तो सुट्टीवर येईल तेव्हा नातू त्याच्याकडे राहील, यायच्या आधी त्याने कळवायचं, आणि नेटवर्क असेल तेव्हा व्हिडिओ कॉल, वार ठरलेला नाही. मागच्या सुट्टीत नातू त्याच्याकडे राहून आला, येताना बापाची जुनी टोपी डोक्यावर घालून आला, कानापर्यंत खाली येते, काढत नाही. त्या शनिवारच्या हुकुमावर राहिलो असतो तर ह्या पोराला बाप दिसलाच नसता.

घटस्फोटानंतर मुलीचं डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन कार्ड, क्वार्टर सगळं गेलं आणि ते नियमाने गेलं, घटस्फोटित बायकोला फॅमिली पेन्शनही नसते. पण लेकराचा हक्क तसा जात नाही, मिलिट्री हॉस्पिटलची ट्रीटमेंट असो की उद्या काही वाईट झालं तर फॅमिली पेन्शन असो. त्यासाठी निकालाची प्रत युनिटला देऊन पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या रेकॉर्डला बदलाची नोंद करणारा हुकूम) निघायला पाहिजे, आणि जवानाने नॉमिनीची नावं बदलायला पाहिजेत, इन्शुरन्सवर, पीएफवर, सगळीकडे. हे काम दोघांनाही नकोसं वाटतं, विषयच नको म्हणतात. तरी करून घ्या, आणि बायकांनी मुलाचं नाव रेकॉर्डला आहे ना ते लेखी मागून घ्या.

आता माझी मागणी. फौजीची केस उभी राहिली की पहिल्याच तारखेला त्याच्या वकिलाला विचारा की सुट्टी कधी आहे, युनिटकडून तसं पत्र मागवा आणि जबाब त्या दिवसांत लावा. पोटगीचा अर्ज वेगळा काढून आधी निकाली काढा. ह्याला नवीन कायदा लागत नाही, जिल्हा न्यायाधीशांनी मनात आणलं तर एका पत्रकाने होईल. बाईला तिचं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, 1987 चा कायदा आहे, आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) 2025 च्या जुलैत वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, तिच्यात सैनिक बोर्डाच्या ऑफिसमध्येच कायद्याचा सल्ला मिळायचा आहे. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वकील कोणत्या वारी बसतात तेवढं विचारून तुमच्या पेपरात एका चौकटीत छापा साहेब, गावागावातल्या मुली वाचतील.

आपली,
एक वाचक, जि. सातारा
(मुलीसाठी म्हणून नाव छापू नये ही विनंती)