मिस्त्रीकाका, गिटार सुरात लागली

चरई, ठाणे

तीर्थस्वरूप मिस्त्रीकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, संध्याकाळी गाळा बंद करायच्या आधी आजोबांना हे मोठ्याने वाचून दाखव. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण लेकीची गिटार बघून जो तो विचारतो, "कुठून घेतली?" मी "घरी केली" म्हणते आणि दर वेळी अर्धं खोटं बोलल्यासारखं वाटतं. ती गिटार निम्मी तरी उथळसरच्या तुमच्या गाळ्यात झाली आहे.

जूनमधला तो शनिवार तुम्हाला आठवतो का? बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी जुन्या चादरीत गुंडाळलेलं लाकूड घेऊन दारात उभी. आमचं चरईतलं जुनं घर पुनर्विकासात गेलं, तेव्हा वडिलांनी दाराची गणेशपट्टी आणि दाराची एक जाड फळी तेवढी मागून घेतली होती. चार वर्षं दोन्ही माळ्यावर पडून होत्या. तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. वाद्यांच्या एका दुकानात म्हणाले, आठ वर्षांच्या मुलीला कशाला खरी गिटार, खेळण्यातली घ्या. फर्निचरच्या एका कारखान्यात म्हणाले, जुनं सागवान आहे, छान देवघर होईल.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. गणेशपट्टी उचललीत, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवलीत, कोपऱ्यात रंध्याचा एकच हात मारून ढलपी काढलीत आणि नाकाशी नेलीत. मग म्हणालात, "रेषा सरळ आहे. मान होईल याची. पण मानेवर वजन किती येणार?" मी सांगितलं, सहा तारांचा मिळून पस्तीसेक किलोचा ताण कायम राहणार. "मग नुसत्या लाकडावर विसंबायचं नाही, आत लोखंड घालू." इतक्या दिवसांत वजनाचा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले. मी तिथेच निश्चिंत झाले.

मोठ्या गिटारीची तार वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत साधारण ६४८ मिलिमीटर असते. माझ्या लेकीचा हात तिथे पोचेपर्यंत खांदा निघून यायची वेळ. क्लासमधल्या साध्या लाकडी गिटारीवर तिची बोटं सोलवटून निघायची. विजेच्या गिटारीच्या तारा बारीक असतात, पडद्यांच्या, म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांच्या, अगदी जवळून जातात आणि हलक्या दाबाने वाजतात, म्हणून तीच करायची ठरवली. माप धरलं ५७० मिलिमीटर. तार आखूड झाली की त्याच सुराला ताण कमी लागतो आणि ती लुळी पडते, म्हणून तारा जरा जाड, दहाच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) घेतल्या. पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, गुंडाळण्याचं काम माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे. सहा लोहचुंबक, भोवती केसासारखी बारीक तांब्याची तार, आठ हजारांच्या आसपास वेढे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सामान आणलं आणि दोन रात्रींत ते उरकलं.

अडले ते पडद्यांपाशी.

प्रत्येक पडद्याची जागा गणिताने निघते. तारेची जेवढी लांबी उरली असेल तिला १७.८१७ ने भागायचं, तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. मी कागदावर सगळं चोख काढलं होतं. पण मानेवर बसवायच्या शिसवीच्या पट्टीवर खुणा करताना पहिल्या खुणेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी मोजपट्टी सरकवत गेले. दर खुणेला पाव मिलिमीटर पुढे गेलं असेल, डोळ्याला काही कळलं नाही. खाचा पाडून झाल्यावर सहज मोजलं. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा, म्हणजे २८५ वर. माझा आला होता २८८ वर. तुमची शिसवीची पट्टी, तीही तुम्ही मला स्वतःहून रंधून दिलेली, मी वाया घालवली होती. रडू अगदी ओठांवर आलं होतं.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ती पट्टी पाहिलीत आणि म्हणालात, "बाय, मापावरून माप घेतलं की चुकीला पोरं होतात. चौकटीला बिजागऱ्या लावताना मी सगळी मापं एकाच टोकावरून घेतो." एवढंच. ओरडला नाहीत, हसला नाहीत. दुसरी पट्टी काढलीत, टोकाला धारदार पेन्सिलीची एक रेघ मारलीत आणि मोजपट्टी तिथेच शिकंज्यात पक्की केलीत, म्हणजे मला ती सरकवताच येऊ नये. मग तुम्ही आकडा वाचायचा आणि मी खूण करायची. ३२. ६२ ला जरा पुढे. पाचवा १४३. सातवा साडेएकशे एकोणनव्वद. बारावा २८५. त्या आकड्याला तुम्ही आपणहून काटकोन लावून पुन्हा तपासलंत.

मध्येच तुम्ही विचारलंत, मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात, मग इथे तसं का नाही? फार नेमका प्रश्न होता तो. सतारीचा पडदा वादक रागाप्रमाणे सरकवून घेतो. गिटारीचे पडदे हातोडीने ठोकून कायमचे बसवायचे, पेटीच्या सुरांसारखे सप्तकाचे बारा सारखे भाग. एकदा चुकलं की वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याहून कडक झालात.

खाचेचं तर मला कधीच जमलं नसतं. पडद्याच्या तारेची खालची जीभ जेमतेम ०.६ मिलिमीटरच्या खाचेत बसते, आणि करवतीने खाच दुप्पट रुंद पडत होती. तुम्ही हॅकसॉचं पातं घेतलंत. त्याचे दात दोन्ही बाजूंना जरा झुकलेले असतात, म्हणून खाच पात्यापेक्षा रुंद पडते. ते पातं सहाणेवर आडवं ठेवून तुम्ही दोन्ही अंगांनी घासत बसलात, पाणी टाकायचं, घासायचं, बोटाने चाचपायचं. पाऊण तास. बाजूला गणपतीच्या मखरांची गिऱ्हाइकं खोळंबली होती, एकाचे तर दोन फोन येऊन गेले. मग वाया गेलेल्या पट्टीच्या तुकड्यावर एक खाच पाडलीत, तिच्यात पडदा ठोकलात आणि माझ्या हातात देऊन म्हणालात, "ओढ बघू." नाही निघाला.

लंडनच्या ब्रायन मेची गोष्ट मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितली. १९६३ साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून घरीच विजेची गिटार करायला घेतली, आणि तिच्या मानेला शेकोटीवरच्या फळीचं शंभराहून अधिक वर्षांचं महोगनी वापरलं. पुढे क्वीन या बँडमध्ये तीच गिटार जगभर वाजली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे ऐकून तुमचा नातू उडालाच. पण तुमचा प्रश्न वेगळा होता. "एवढं जुनं लाकूड, किडीची भोकं असणार. ती कशाने बुजवली?" काका, त्याने ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली होती. साठ वर्षांपूर्वीच्या परदेशातल्या त्या लाकडातलं भोक तुम्हाला उथळसरमध्ये बसून दिसलं, हे मी घरी येऊन प्रत्येकाला सांगितलं आहे.

आणि तोरणाचा खिळा. गणेशपट्टीच्या मधोमध तो इतकी वर्षं होता, भोवतीचं सागवान लोखंडाने काळं पडलेलं. मी म्हणत होते, तो भाग कापून टाकू. तुम्ही पट्टीवर मानेचा कागदी साचा पुढेमागे सरकवत राहिलात, आणि शेवटी असा ठेवलात की खिळ्याचं भोक नेमकं तिसऱ्या खुंटीच्या जागी आलं. खिळा हळूच वर घेतलात, त्याच भोकात गिरमिटाचं टोक टेकवलंत. आईने पाडव्याला, दसऱ्याला जिथे झेंडू आणि आंब्याची पानं बांधली, तिथे आता माझ्या लेकीची खुंटी फिरते. काळ्या डागाची एक कड अजून खुंटीच्या बाहेर दिसते. लाखेचं पॉलिश देताना ती मी मुद्दाम राखली.

श्रावणात, लेकीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तुमच्याच गाळ्यात तारा चढवल्या. आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प घरी होता. तुम्ही म्हणालात, ऐकू तर दे, आणि गिटारीच्या अंगाला कान लावून डोळे मिटलेत. मी बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलं, मग तिथेच दाबून वाजवलं. दोन्ही वेळा तोच सूर. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा मखराकडे वळलात.

दोन दिवसांची मजुरी तेवढी घेतलीत. दुसऱ्या शिसवी पट्टीचे पैसे पुढे केले तर म्हणालात, ती पडूनच होती. काका, ती पडून नव्हती. एका पेटीच्या झाकणासाठी खडूने खूण करून बाजूला ठेवलेली मी पाहिली होती. त्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगितलंत ते मला माहीत नाही, पण त्याचेही आभार मानते. मुलांसाठी काही करायचं म्हटलं की लोक लगेच "चालतंय तेवढं" म्हणतात. तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही, पण ती गिटार भिंतीला टेकवून ठेवत नाही, पलंगावर आडवी ठेवते आणि वर ओढणी घालते.

पाऊस सरून ऊन पडलं की मान एकदा दाखवून जा, असं तुम्ही बजावलं होतं. बाराव्या पडद्याशी तारा दीड मिलिमीटरवर होत्या, आता दोनवर आल्यात. मानेतली लोखंडी सळी पिळायची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, मी आणते. किती पिळायची ते तुम्हीच पाहून सांगा, मला एक डोळा मिटून अजून तुमच्यासारखं दिसत नाही. येत्या रविवारी चारच्या सुमारास आम्ही दोघी येतोय. लेकीचं म्हणणं आहे, आजोबांनी आधी मान बघायची, मगच ती वाजवणार. छोटा अ‍ॅम्पही आणतेय, खिडकीजवळचा प्लग तेवढा मोकळा ठेवा.

तुमची,
गणेशपट्टीवाली बाय