पाइनच्या १२० पॅलेटवरील चुकीच्या प्रक्रियेबाबत तक्रार

प्रति,
विक्री व्यवस्थापक

विषय : परिरक्षक (लाकूड टिकवणारे रसायन) लावलेला माल परत नेऊन उष्णता-प्रक्रिया केलेला माल देणे

महोदय,

बेदाण्याच्या निर्यातीसाठी आपण कुपवाड एमआयडीसीत पाठवलेली १२० पॅलेट (माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटी) आम्ही उतरवून घेतली, पण वापरात घेतलेली नाहीत. चलानावर ‘सूत्रकृमी प्रतिबंधक परिरक्षक प्रक्रिया’ असे लिहिले आहे. अशी प्रक्रिया या कामाला चालत नाही.

एक ठोकळा मधोमध कापून पाहिला. बाहेरचा जेमतेम ३ मिलिमीटर थर हिरवा, आत लाकूड कोरे. तांबे-क्रोम-आर्सेनिकच्या द्रावणात नुसते बुचकळून काढले की असेच होते. पाइनचा सूत्रकृमी (लाकडातला सूक्ष्म जंत) सालीवर बसून राहत नाही. तो लाकडात खोलवर, राळवाहिन्यांत असतो आणि झाड तोडल्यावरही आतल्या बुरशीवर जगतो. वरचे औषध फार तर हा कृमी पसरवणाऱ्या, नव्याने अंडी घालायला आलेल्या भुंग्याला अडवेल. त्यात ओलावा ३८ टक्के निघाला (तुकडा वाळवून, वजनावरून; इतक्या ओल्या लाकडात मीटरच्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही). पेशींत मोकळे पाणी असताना प्रेशर देऊनही द्रावण गाभ्यापर्यंत नीट जात नाही.

आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लाकडाच्या गाभ्यासह सर्व भागांत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकले पाहिजे. दाबाने द्रावण मुरवण्याची प्रेशर प्रक्रियाही मान्य होते, पण तिच्यात हे तापमान गाठले तरच. भट्टीतली हवा ५६ अंशांवर आली म्हणून घड्याळ सुरू करायचे नसते. प्रोब (तापमान मोजणारी सळई) सर्वांत जाड ठोकळ्याच्या मध्यात, भट्टीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात हवा, आणि त्याचे भोक बुजवलेले हवे. नाहीतर गरम हवा आत शिरून आकडा फसवतो. आपल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, आयएन (भारत) आणि एचटी (उष्णता-प्रक्रिया) असा शिक्काच नाही. तीन ठोकळ्यांवर ५ सेंटीमीटर रुंदीची सालही तशीच आहे. ३ सेंटीमीटरपेक्षा रुंद सालीचा तुकडा ५० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी असावा लागतो. हे तुकडे त्याहून मोठे आहेत.

याच पॅलेट भट्टीत घालून शिक्का मारून देऊ नयेत. आर्सेनिक लावलेल्या लाकडावर बेदाण्याची खोकी आम्ही ठेवणार नाही. सर्व १२० परत न्याव्यात, आणि मोडक्या फळ्या कोणी बंबात जाळायला नेणार नाही हेही पाहावे. त्या धुरात आर्सेनिक असते.

साल काढलेल्या, नोंदणीकृत भट्टीत प्रक्रिया केलेल्या बदली पॅलेट १० दिवसांत द्याव्यात. सोबत त्या घाण्याचा प्रोबनिहाय तापमानाचा आलेख हवा. तोवर बिलाची रक्कम आम्ही रोखून ठेवत आहोत.

आपले,
खरेदी व गुणवत्ता विभाग
कुपवाड, जि. सांगली