रेफ मेअरसाहेब, तुम्ही ते रेडिओवर बोललात म्हणून

आदरणीय मेअरसाहेब,

२०१७ च्या ऑक्टोबरात तुम्ही गेलात. तरी लिहिते आहे. ज्यांनी तुम्हाला व्हँकूवरच्या रेडिओवर ऐकलं, त्यांनी तरी हे वाचावं.

व्हँकूवरला स्थिरावल्यावर ह्यांचं काहीतरी बिनसलं. पहाटे जाग यायची, ती आलीच. जेवणावरची वासना उडाली. एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि "व्यायाम करा" म्हणून वाटेला लावलं. आपली माणसं तर त्यांच्याही पुढची. "कॅनडात येऊन कसलं दुःख करताय?" असं मला तोंडावर विचारलं गेलं, ते मी अजून विसरलेले नाही. मन खंबीर करा म्हणे! ते करता आलं असतं तर माणूस असा खंगला असता का?

तुमचा सीकेएनडब्ल्यू या रेडिओ केंद्रावरचा सकाळचा कार्यक्रम मात्र ह्यांनी सोडला नाही. १९७५ साली कॅमलूप्समधून निवडून आलेला, ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा आरोग्यमंत्री झालेला माणूस १९८१ मध्ये राजकारण सोडतो आणि रेडिओवर बसून मंत्र्यांनाच धारेवर धरतो, याचं ह्यांना भारी अप्रूप. कॅनडाची राज्यघटना बदलू पाहणाऱ्या १९९२ च्या शार्लटटाउन कराराविरुद्ध तुम्ही रान उठवलंत, आणि सार्वमतात प्रांतातल्या ६८ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं. केमानो जलविद्युत प्रकल्पासाठी नेचाको नदीचं आणखी पाणी वळवलं तर सॅमन माशांचं काय होईल, हे तुम्ही किती लावून धरलंत! १९९५ मध्ये सरकारने तो प्रकल्प रद्द केला, तेव्हा हे जणू स्वतःच जिंकले होते.

अशा तुम्ही एकदा रेडिओवर सांगितलंत की, मला नैराश्याचा आजार आहे आणि मी त्यावर गोळ्या घेतो.

गोळ्या घेतो. हे दोन शब्द आमच्यासाठी सगळ्यात मोठे ठरले. रक्तदाबाच्या गोळीबद्दल सांगावं तसे, आवाज जराही न उतरवता तुम्ही ते बोललात. एरवी मंत्र्यांना फटकारणारा तोच खणखणीत आवाज! हे माझ्याकडे वळून म्हणाले, "मलाही हेच होत असेल का गं?" तोवर ह्या विषयावर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, आपणहून. औषध लागू पडायला वेळ लागला, पण पडलं.

तुमच्यावर काही सक्ती नव्हती, साहेब. तुमचे विरोधक काय थोडे होते? "याचं डोकं ठिकाणावर नाही" असं म्हणायला त्यांना तुम्हीच आयतं निमित्त दिलंत, आणि तरी बोललात. मोठ्या पदावरची माणसं आजारपण दडवतात, आणि त्यांच्याकडे पाहून साधी माणसंही दडवतात. हे तुम्ही ओळखलंत. इतका तापट माणूस आतून इतका कनवाळू असू शकतो, हे मी तुमच्यामुळे पाहिलं.

नेचाकोसाठी तुम्हाला पत्रकारितेचा मिचनर पुरस्कार मिळाला. ह्यांच्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

तुमची ऋणी,
बर्नबीतली एक श्रोती