मामाची गाठ आणि तुझं पॅकेज

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहिते. मामाच्या पायात रक्ताची गाठ झाली म्हटल्यावर तू सगळ्या घरादारासाठी रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांच्या टेस्टचं पॅकेज हेरून ठेवलंस. थांब जरा.

मामा केळीच्या बागेत चिखलात घसरला, दीड महिना मांडीपर्यंत प्लास्टर. काढलं तेव्हा पोटरी सुजून टणक. गाठ कशानं झाली ते आंधळ्यालाही दिसेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने. जनुकांचा रिपोर्ट काहीही आला तरी बहुधा तेवढ्याच.

शिवाय आत्ता तपासलं तर आकडे फसवतील. ताज्या गाठीतच प्रोटीन सी, एस, अँटिथ्रॉम्बिन ही रक्ताला जास्त गोठू न देणारी प्रथिनं खर्ची पडतात. गाठीवरच्या औषधांनीही तेच: हेपरिननं अँटिथ्रॉम्बिन उतरतं, वॉर्फरिननं सी आणि एस. फॅक्टर फाइव्ह लायडन या गाठीचा धोका वाढवणाऱ्या जनुकदोषाची डीएनए तपासणी तेवढी कधीही चालते, पण १९९४ साली हॉलंडमध्ये सापडलेला तो दोष युरोपात जास्त, आपल्याकडे कमी.

माझी लॅब नवी होती तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका पोरीचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत अगदी रेघेपर्यंत भरलं. भुसावळचा मे महिना, तरी प्लाझ्मा लगेच वेगळा काढून गोठवला, कोरड्या बर्फात मुंबईला धाडला. सगळं चोख. फक्त औषध कोणतं चालू आहे, ते विचारायचं राहिलं. वॉर्फरिन चालू होतं. प्रोटीन एस कमी आलं आणि तिची ठरलेली सोयरीक मोडली. औषधाचा कोर्स संपल्यावर महिन्यानं पुन्हा पाहिलं तर नॉर्मल. सोयरीक काही परत आली नाही.

मामा तिशीतला असता, काही कारण नसताना गाठ झाली असती, आजीला किंवा मावशीलाही तसं झालं असतं, तर मीच म्हटलं असतं, औषधं संपू देत, मग तज्ज्ञाला विचारून आधी त्याचंच तपासू. त्याच्यात दोष सापडला असता तर पुढे सख्ख्या भावंडांचं, मुलांचं बघायचं. एकेकाला निम्मी शक्यता. त्यातही दोष असलेल्या बहुतेकांना जन्मात गाठ होत नाही.

तुझ्या पाळीच्या त्या गोळ्यांचं मात्र डोक्यात आहे. त्यात इस्ट्रोजेन असतं, त्यानं गाठीचा धोका वाढतो. पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मामाचं प्लास्टरसकट सगळं सांग. पॅकेजचे पैसे राहू देत.

मामाला रोज संध्याकाळी बांधापर्यंत चालवते. शिव्या देतो, पण चालतो.

तुझी आई