'लोकप्रिय' शब्दातील 'प्रिय'

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील शब्दांच्या सदरात 'लोकप्रियता' हा शब्द इंग्रजी अमदानीत 'पॉप्युलॅरिटी'साठी घडवला गेला, असे ठामपणे छापले आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात, अगदी पहिल्याच सर्गात, नारद रामाचे वर्णन 'सर्वलोकप्रियः साधुरदीनात्मा विचक्षणः' असे करतात आणि नद्या समुद्राला मिळाव्यात तसे सज्जन सदैव त्याच्याकडे येत, असे लगेच पुढे सांगतात. त्यामुळे नवे फार तर या शब्दाचे इंग्रजीशी जुळवलेले नाते असेल, शब्द नव्हे. शिवाय इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'पॉप्युलस' म्हणजे नुसता जनसमुदाय आहे, आपल्या शब्दात मात्र 'प्रिय' आहे. हा फरक सदरात एका ओळीनेही आलेला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

मला हे इतके लागण्याचे कारण घरचे आहे. आठवीतील माझ्या नातीने सहामाहीत 'लोकप्रिय'चा विग्रह 'लोकांना प्रिय असलेला' असा लिहिला, तर त्यावर लाल रेघ मारून अर्धा गुण कापला गेला, कारण नमुना उत्तरात 'लोकांचा प्रिय' होते. मी शाळेत जाऊन बाईंना सांगितले, की संस्कृतात 'लोकानां प्रियः' ही षष्ठी खरी, पण मराठीत आपण 'नातू आजीला प्रिय आहे' असेच म्हणतो, 'आजीचा प्रिय आहे' असे म्हणत नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, परंतु नमुना उत्तराबाहेर जाता येत नाही, असे सांगितले. घरी आल्यावर नातीने विचारले, "आजोबा, मग लोकमान्य म्हणजे लोकांचा मान्य का?" लोकांनी मान्य केलेला तो लोकमान्य, हे मी तिला समजावले आणि तिला ते पटलेही, पण वार्षिक परीक्षेसाठी तिने 'लोकांचा प्रिय' हेच पाठ करून ठेवले आहे.

त्याच सदरात 'लोकप्रीय' असा दीर्घ 'री' दोनदा पडला आहे. मुले वर्तमानपत्रात पाहिलेले अक्षर खरे मानतात. मुद्रितशोधन कोणी करत असेल, तर त्यांनी एवढे तरी पाहावे. दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच सदरात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, सांगली