डॉक्टर मॅडम, आईला परत टोचू दिलं नाहीत त्याबद्दल

मॅडम, नमस्कार. आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही माहीत नाही, तुमच्या ओपीडीत रोज केवढी गर्दी. पण काल आईचा फेरिटिनचा, म्हणजे शरीरात लोह किती साठलंय त्या तपासणीचा, रिपोर्ट आला, 148, आणि तो बघितल्यापासून मला राहवत नाहीये. तुम्ही पहिल्यांदा करायला लावलंत तेव्हा 912 होतं. तुमची रेसिडेन्सी संपली आणि तुम्ही गेलात असं काउंटरवर कळलं, नंबर मागणं बरं दिसलं नाही, म्हणून इथेच लिहितेय, कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेल.

तुमच्याकडे येण्याआधी आईचं काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय आभार पुरे होणार नाहीत. आई दमायची. दोन भाकऱ्या थापल्या की भिंतीला टेकून बसायची. ज्यांच्याकडे आम्ही दाखवत होतो त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, 9.8, आणि लोहाच्या गोळ्या लिहिल्या. फरक नाही म्हटलं की डोस वाढवला, वर टॉनिक, मग पुढच्या वेळी दुसरं टॉनिक. आईचं पोट दुखायचं, शौचाला काळं व्हायचं, तर म्हणे चालायचंच, वय झालंय. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढतं ते, 112 प्रत्येक रिपोर्टवर ठळक छापून येत होतं हो, लॅबवाल्याने ठळक केलं होतं, पण त्यावर कुणाची नजर म्हणून गेली नाही. शेवटी म्हणाले आता सलाईनमधून आयर्न देऊ. मला आजही त्या गोष्टीचा राग येतो, आणि तो का येतो ते तुम्हीच समजावलंत म्हणून येतो.

तुम्ही सगळे जुने कागद टेबलावर पसरलेत. पेनाने एमसीव्हीवर, म्हणजे रक्ताच्या पेशींच्या आकारावर, गोल केलात, 103, आणि म्हणालात की लोह कमी असतं तेव्हा रक्ताच्या पेशी लहान होतात, यांच्या तर मोठ्या झाल्यात, मग लोहाच्या गोळ्या कशासाठी? आणि मग आईला विचारलंत, "मावशी, कधी रक्त चढवलं होतं का?" इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. आईची पिशवी काढली 1994 मध्ये, तेव्हा रक्त चढवलं होतं. रक्तातून पसरणारा आणि लिव्हरला सूज आणणारा हिपॅटायटिस सी चा व्हायरस सापडला 1989 मध्ये, पण आपल्याकडे 1994 ला रक्तपेढीत त्याची तपासणी सक्तीची नव्हती, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. आईच्या शिरा सापडत नाहीत. आधीच्या ठिकाणी टोचून टोचून हात कोपरापासून खाली निळा केला होता आणि वर तिलाच बोलायचे, हात सैल सोडा, हात सैल सोडा. त्या दिवशी सकाळी तुमच्या इथे तपासणीसाठी रक्त दिलं होतंच. तुम्ही म्हणालात अजून काही तपासण्या लागतील, आणि आई काही बोलली नाही, फक्त पदर ओढून तो हात झाकला. मी बाजूला उभी असून माझं लक्ष नव्हतं, तुमचं गेलं. तुम्ही लिहिता लिहिता थांबलात, फोन उचललात आणि लॅबला म्हणालात, "सकाळचं सँपल टाकून नाही ना दिलं? त्यातच आयर्न, टीआयबीसी, फेरिटिन, बी12 आणि अँटी-एचसीव्ही लावा. मावशींना परत टोचायचं नाहीये." (अँटी-एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी ची तपासणी.) पलीकडून काहीतरी कुरकुर झाली असणार, कारण तुम्ही म्हणालात फॉर्म मी स्वतः आणून देते, आणि बाहेर एवढी रांग असताना उठून गेलात सुद्धा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसेल मॅडम. नसतं केलंत तरी तुम्हाला कुणी काही बोललं नसतं. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली, मग व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजायला, नंतर रक्त द्यावंच लागलं, पण तेव्हाही तुम्ही सिस्टरना लहान बटरफ्लाय सुई घ्यायला सांगितलीत. आई अजून भेटेल त्याला औषधाचं नाव सांगत नाही, हे सांगते.

रिपोर्ट आल्यावर तुम्ही जे समजावलंत ते मी घरी सगळ्यांना सांगितलंय. आपलं लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन तयार करतं, आतड्यातून रक्तात किती लोह सोडायचं ते हा राखणदार ठरवतो. बाकी बऱ्याच इन्फेक्शनमध्ये तो दार लावून घेतो. हिपॅटायटिस सी मध्ये उलटं होतं, व्हायरसमुळे हेप्सिडिन कमी पडतं, दार उघडंच, आणि लोह आत येत राहतं. अख्ख्या शरीरात लोह 3 ते 4 ग्रॅम, दिवसाला बाहेर जातं 1 ते 2 मिलिग्रॅम, आणि जास्तीचं टाकून द्यायची शरीरात सोयच नाही. ते साठतं परत लिव्हरमध्येच, जिथे आधीच सूज आहे, आणि तिथल्या पेशींना आणखी इजा करतं. वर सुजलेल्या पेशींमधलं फेरिटिन रक्तात सांडतं ते वेगळं, म्हणून नुसत्या फेरिटिनवर न जाता तुम्ही ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन लोहाने किती भरलंय ते, बघितलंत, ते 56 टक्के, म्हणजे जास्तच निघालं. अशा बाईला एकेका गोळीतून 60 ते 100 मिलिग्रॅम लोह रोज चाललं होतं आणि शिरेतून आणखी द्यायचं ठरलं होतं!! कमी होतं ते बी12, ज्याच्या कमतरतेने पेशी मोठ्या होतात. आई माळकरी, जन्माची शाकाहारी. त्याचीही इंजेक्शनं न लिहिता तुम्ही गोळ्या लिहिल्यात, ते माझ्या लक्षात आलं बरं का.

आईने विचारलं लोखंडी कढई टाकून देऊ का, पालक-मेथी बंद करू का. तुम्ही हसला नाहीत. जपानमध्ये अशा पेशंटचं लोह उतरवायला थोडं थोडं रक्त काढायचे, लोह कमी असलेला आहारही द्यायचे, हे सांगितलंत आणि म्हणालात, तुम्ही फक्त गोळ्या आणि टॉनिक बंद करा, भाजी खा, व्हायरस गेला की लोह आपोआप उतरायला लागेल.

औषधांचं काय लिहू, सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर, 12 आठवडे, सरकारी योजनेतून फुकट, रोज जेवणानंतर, संपलं. 2018 पासून ही योजना आहे आणि आमच्या तालुक्यात कुणाला पत्ता नाही. संपल्यावर 12 आठवड्यांनी व्हायरस सापडला नाही. फेरिटिन खाली खाली येत काल 148.

एक अजून. मधे एका दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफीला गेलो तर तिथल्या माणसाने कॉरिडॉरमधून ओरडून सांगितलं, या बाईला "सी" आहे, शेवटी घ्या. बाकावरची माणसं सरकून बसली. तुम्ही मात्र आईची नाडी बघितलीत, पाय सुजलेत का ते दाबून बघितलंत, आणि एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही हे माझ्या भावजयीला फोन लावून स्वतः सांगितलंत, कारण घरात आईचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. शिक्षण त्या सगळ्यांचंही झालंय ना? पण समोर बसलेली बाई कुणाची तरी आई आहे एवढं कळायला डिग्री लागत नाही, आणि ज्याला कळतं तो वॉर्डबॉय असो, लॅबमधला कुरकुर करून का होईना सँपल शोधून देणारा दादा असो की डॉक्टर, त्याच्या जवळ पेशंटचं अर्धं दुखणं तिथेच हलकं होतं. त्या दादांनाही नमस्कार सांगा.

तुम्ही जाताना सांगितलं होतं की ज्यांना ज्यांना पूर्वी रक्त चढवलंय त्या सगळ्यांची एकदा अँटी-एचसीव्ही करून घ्या. मावशीची केली, तिचं सिझर 1991 चं, निगेटिव्ह आली. शेजारच्या काकूंची पुढच्या आठवड्यात आहे, त्यांना आईच घेऊन जाणार आहे.